मैदानात माणसे किती मावतात?



धानाची कापणी-मळणी आटोपली, की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. रिकाम्या शेतात मंडप उभा राहतो. समोरची मंडळी जमिनीवर मांडी घालून बसतात, त्यांच्यामागे खुर्च्यांची ओळ असते, खुर्च्यांच्या मागे उभे राहणारे, आणि सर्वांत मागे बंडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलेली पोरे. ही मांडणी कोणा इंजिनियरने आखून दिलेली नसते. तरीही तिच्यात भूमितीचे एक प्रमेय दडलेले आहे. मागच्या माणसाचे डोळे पुढच्याच्या डोक्याहून उंच असतील, तरच मागच्याला दिसते. गाव जे आपोआप करते, तेच काँक्रीटमध्ये केले की त्याला आपण स्टेडियम म्हणतो.

क्रिकेटच्या सामन्याची बातमी वाचताना 'या स्टेडियमची क्षमता ३३ हजार' असे वाक्य तुम्ही वाचले असेल. हा आकडा येतो कोठून? टाकीत पाणी किती मावते, हे काढणे सोपे आहे. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार केला, की झाले. माणसांचा हिशोब तसा नाही. माणसाला नुसते मावून चालत नाही. त्याला समोरचे दिसले पाहिजे, टेकायला जागा मिळाली पाहिजे, आणि खेळ संपल्यावर (किंवा संपण्यापूर्वी काही विपरीत घडले तर) त्याला बाहेरही पडता आले पाहिजे. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच सर्वांत उशिरा विचारला गेला.

खोदलेली मैदाने

आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागात बोडी खणताना तुम्ही पाहिली असेल. मधली माती काढायची आणि तीच कडेला टाकून पाळ बांधायची. जितके खोल खणावे, तितकी पाळही उंच होते, म्हणजे एकाच श्रमात दुहेरी लाभ. मोठमोठी प्रेक्षागारे बांधणाऱ्यांनीही हीच युक्ती वापरली आहे.

कोल्हापूरचे खासबाग मैदान हे आपल्या महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले होते, तेव्हा त्यांनी रोमचे प्राचीन प्रेक्षागार, म्हणजे कलोसियम, पाहिले. पुढे कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांसाठी मैदान बांधवले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी आखाडा आणि सभोवार चढत जाणारा मातीचा उतार, अशी त्याची वाडग्यासारखी रचना आहे. खुर्च्या नाहीत, खांब नाहीत. कुस्ती कोठूनही दिसते.

योगायोग असा, की दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, अमेरिकेतील येल विद्यापीठाने आपल्या फुटबॉलसाठी असेच वाडगे बांधले. त्याला नावही 'येल बोल', म्हणजे येलचे वाडगे, असेच पडले. मधली माती खणून ती कडेने रचली. त्यामुळे खेळाचे मैदान बाहेरच्या जमिनीच्या पातळीखाली गेले आणि प्रेक्षकांच्या जवळजवळ निम्म्या ओळी जमिनीखाली, निम्म्या जमिनीवर अशा आल्या. पाळीतून बोगद्यासारख्या वाटा काढल्या होत्या. बाहेरून आत शिरलेला प्रेक्षक थेट उताराच्या मध्यावर येतो. तेथून निम्मे लोक खाली उतरतात, निम्मे वर चढतात. या वाडग्यात सुरुवातीला ७०,८६९ माणसांची सोय होती.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, की अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो मुख्यतः हातात धरून पळवतात आणि फेकतात. मैदान सुमारे ११० मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद असते. हा खेळ विद्यापीठांच्या आवारात वाढला. म्हणून तेथली सर्वांत मोठी प्रेक्षागारे आजही शहरांपेक्षा विद्यापीठांच्या मालकीची आहेत. हार्वर्ड विद्यापीठाने १९०३ मध्ये सळ्या घातलेल्या काँक्रीटचे प्रेक्षागार बांधले. त्या काळी हे साहित्य नवेच होते. या इमारतीने खेळाचे नियमही बदलले असे म्हणतात. १९०५ च्या हंगामात या दांडगाईच्या खेळात अनेक तरुणांचे जीव गेले. मैदान रुंद करून झोंबाझोंबी कमी करावी, अशी सूचना पुढे आली. पण हार्वर्डच्या काँक्रीटच्या पायऱ्या हलवणार कोण? अखेर १९०६ मध्ये मैदान तेवढेच ठेवून चेंडू पुढे फेकण्याची मुभा देण्यात आली. आज त्या खेळाचा सर्वांत प्रेक्षणीय भाग तोच आहे.

मिशिगन विद्यापीठाचे प्रेक्षागार १९२७ चे. तेही मोठ्या प्रमाणात जमिनीत खोदलेले आहे. आरंभी त्यात ७२ हजार जागा होत्या. पुढे ओळींवर ओळी वाढवत आज अधिकृत आकडा १,०७,६०१ झाला आहे. ज्या ॲन आर्बर गावात ते आहे, त्या गावची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास! शेवटच्या '१'ची गंमत अशी, की तेथील जुने प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांच्या सन्मानार्थ एक जागा जास्तीची धरली आहे आणि ती नेमकी कोठे आहे हे उघड केलेले नाही. आकड्यामागे केवळ गणितच नसते ते असे.

रांग कशी चढते?

आता कागद-पेन्सिल घ्या. मैदानाची कड हा बिंदू 'क' माना. प्रत्येक प्रेक्षकाला हा बिंदू दिसला पाहिजे, कारण क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळचा झेल हाच तर पाहण्यासारखा असतो. पहिल्या ओळीतला प्रेक्षक 'क' पासून ६ मीटरवर बसला आहे आणि त्याचे डोळे मैदानापासून १२० सेंटिमीटर उंचीवर आहेत असे समजू. दुसरी ओळ त्याच्या ८० सेंटिमीटर मागे आहे.

दुसऱ्या ओळीतल्या प्रेक्षकाची दृष्टिरेषा पहिल्याच्या डोक्यावरून गेली पाहिजे. डोळ्यांपासून डोक्याचा माथा सुमारे १० ते १२ सेंटिमीटर वर असतो. आपण १० धरू. म्हणजे ही रेषा 'क' पासून ६ मीटर अंतरावर किमान १३० सेंटिमीटर उंच हवी. ती तशीच मागे ६.८ मीटरपर्यंत वाढवली, तर समरूप त्रिकोणांवरून तिची उंची १३० × ६.८ ÷ ६, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर येते. दुसऱ्या ओळीतल्या डोळ्यांची उंची ही झाली. पहिलीपेक्षा २७ सेंटिमीटर अधिक.

हीच क्रिया तिसऱ्या ओळीसाठी करा. (१४७ + १०) × ७.६ ÷ ६.८ म्हणजे जवळजवळ १७६. चढ साडेअठ्ठावीस सेंटिमीटरचा झाला. चौथ्या ओळीला चढ साडेएकोणतीसच्या थोडा वर जातो. ध्यानात आले ना? प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा किंचित उंच लागते. म्हणून चांगल्या प्रेक्षागाराचा उतार सरळ रेषेत नसतो. तो मागे मागे अधिक उभा होत जातो. बाजूने पाहिले तर तो वक्र दिसतो. हा वक्र कोणी शोभेसाठी काढलेला नाही. पुढच्या माणसाच्या डोक्याने तो काढायला भाग पाडले आहे.

तिसाव्या ओळीपर्यंत हिशोब नेला, तर डोळ्यांची उंची १२ मीटरच्या जवळ पोहोचते आणि प्रत्येक पायरी सुमारे ४२ सेंटिमीटरची होते. साठाव्या ओळीला उंची साडेपंचवीस मीटर आणि पायरी सुमारे ४८ सेंटिमीटर. जवळजवळ गुडघ्याइतकी! उताराचा कोन ३१ अंशांच्या आसपास जातो. ३४-३५ अंशांच्या पलीकडे उतार नेऊ नये असा संकेत आहे, कारण त्यापुढे माणसाला खाली पाहताना घेरी येऊ लागते आणि एखाद्याचा तोल गेला तर तो एकटा पडत नाही. म्हणजे ओळी वाढवत नेण्याला भूमितीनेच लगाम घातलेला आहे. मग काही स्थापत्यविशारद एका सज्जावर दुसरा सज्जा घेतात. त्यात मागचे लोक मैदानाच्या जवळ येतात, पण उंची आणखी वाढते.

शिवाय दृष्टीचीही मर्यादा आहे. निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाची वस्तू जेमतेम ओळखता येते. क्रिकेटचा चेंडू सुमारे ७.२ सेंटिमीटर व्यासाचा असतो. तो २४७ मीटरवरून एका कलेएवढा दिसतो. सीमारेषा फलंदाजापासून ७० मीटर आणि साठावी ओळ त्यापुढे आणखी ५३ मीटर धरली, तर चेंडू जेमतेम दोन कलांचा दिसणार, आणि तोही धावता! अमेरिकन फुटबॉलची गोष्ट निराळी. त्यांचे मैदान क्षेत्रफळाने क्रिकेटच्या मैदानाच्या साधारण एक तृतीयांश आणि चेंडू एका हाताने जेमतेम धरता येईल इतका मोठा. बाजूच्या साठाव्या ओळीतून मैदानाचा मध्य ८० मीटरच्या आतच येतो. मिशिगनमध्ये एकाच वाडग्यात नव्वदहून अधिक ओळी चालतात, त्याचे एक कारण हे आहे.

आकडा कसा तयार होतो?

आता आपले काल्पनिक स्टेडियम भरू. सीमारेषेची त्रिज्या ७० मीटर. तीस ओळींची सरासरी त्रिज्या सुमारे ८७.६ मीटर, म्हणून सरासरी परीघ ५५० मीटर. प्रत्येक आसनाला अर्धा मीटर रुंदी दिली तर एका ओळीत ११०० माणसे आणि तीस ओळींत ३३ हजार. मधल्या जिन्यांसाठी जागा सोडली की आकडा ३० हजारांच्या आसपास येईल.

पण माणशी अर्धा मीटर हे कोणी ठरवले? अमेरिकेत पाठ नसलेल्या बाकांवर माणशी १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर धरण्याची पद्धत आहे. आपल्याकडे एसटीच्या तीन जणांच्या बाकावर चौथ्याला 'जरा सरका हो' म्हणण्याची पद्धत आहे! माणशी ४५ सेंटिमीटर धरले, की एक वीटही न वाढवता आपले ३३ हजार ३६,६०० च्या वर जातात. म्हणून वेगवेगळ्या प्रेक्षागारांच्या आकड्यांची तुलना करताना जपून करावी. बाक आहेत की सुट्या खुर्च्या, उभ्याने पाहणारे धरले आहेत की नाहीत, हे कळल्याखेरीज नुसता आकडा फारसे काही सांगत नाही.

आसनांच्या वाट्यावरून तर मुंबईत एक आख्खे स्टेडियम उभे राहिले. डिसेंबर १९३७ मध्ये उद्घाटन झालेले ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे होते आणि सामने मुंबई क्रिकेट असोसिएशन भरवीत असे. कोणाला किती तिकिटे, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि १९७३ च्या सुमारास तो तुटेपर्यंत ताणला गेला. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे आपल्या विदर्भातले. ते त्या वेळी राज्याच्या विधानसभेचे अध्यक्षही होते. त्यांनी स्वतंत्र मैदान बांधण्याचा निर्णय घेतला. शशी प्रभू यांनी आराखडा केला आणि जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. ब्रेबर्नपासून हे ठिकाण एक किलोमीटरही दूर नाही. एका शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, दोन आंतरराष्ट्रीय मैदाने असण्याचे कारण क्रीडाप्रेम नसून खुर्च्यांची वाटणी आहे, हे थोडे विनोदी वाटते खरे.

पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली. काही सज्जांतले बाक जाऊन सुटी आसने आली, वाटा रुंद झाल्या, आणि छप्पर असे केले, की त्याला पुढच्या बाजूने खांबांचा आधार नाही. खांब नसल्याने कोणाची दृष्टी अडत नाही. एवढा खर्च करून क्षमता मात्र वाढली नाही. उलट काही हजारांनी घटून सुमारे ३३ हजार झाली. कलकत्त्याच्या ईडन गार्डनचेही तसेच. जेथे एके काळी लाखभर माणसे बसत, तेथे त्याच विश्वचषकाच्या नूतनीकरणानंतर ६६ ते ६८ हजार जागा राहिल्या. येल बोलही आज ६१,४४६ वर आहे. अहमदाबादच्या मोटेरा येथे २०२० मध्ये तयार झालेले १ लाख ३२ हजार जागांचे स्टेडियम हा अपवाद. ते जुने पाडून मुळापासूनच नव्याने बांधले.

जुनी स्टेडियमे सुधारली की लहान का होतात? याचे उत्तर दारापाशी आहे.

बाहेर पडण्याचे गणित

२ जानेवारी १९७१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना संपला आणि लोक घरी निघाले. एका जिन्यावर दाटी झाली, काही जण पडले, त्यांच्यावर मागचे पडले. ६६ माणसे मेली. मैदानात प्रत्येकाला जागा होती. जिन्यात नव्हती. या दुर्घटनेच्या चौकशीनंतर ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेची एक मार्गदर्शिका निघाली. तिला 'ग्रीन गाइड' म्हणतात. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत दोन आकडे आहेत, ते पाठ करण्याजोगे आहेत. एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेने मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे सुरक्षितपणे जाऊ शकतात आणि तेवढ्याच रुंदीच्या जिन्याने ६६. आणि एरवी सर्व प्रेक्षक आठ मिनिटांत आसनांच्या भागातून बाहेर पडले पाहिजेत.

आता हिशोब करा. जिन्याच्या एक मीटर रुंदीतून आठ मिनिटांत ६६ × ८ म्हणजे ५२८ माणसे जातील. ३३ हजार माणसांसाठी ३३,००० ÷ ५२८, म्हणजे साडेबासष्ट मीटर रुंदीचे जिने हवेत. तेवढ्याच जिन्यांवर ४५ हजार माणसे सोडली, तर त्यांना जवळजवळ अकरा मिनिटे लागतील. म्हणून खुर्च्या कितीही मांडता आल्या, तरी क्षमता जिन्यांनी ठरते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी, तसेच हे.

याच हिशोबाची दुसरी बाजू पाहा. समान रुंदीची चार दारे आहेत आणि त्यांतील एकाला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे आहे, ते कोणालाच ठाऊक नाही. हे दृश्य आपल्याकडे दुर्मीळ नाही! उरलेल्या तीन दारांवर ३३ हजारांचा भार म्हणजे चार दारांवर ४४ हजारांचा भार. एक कुलूप लावणे आणि अकरा हजार माणसे जास्तीची कोंबणे, गणिताच्या दृष्टीने दोन्ही एकच.

आपण म्हणाल, लोकांनी जरा घाई केली तर वेळ कमी होईल. येथेच निसर्ग आपल्याला चकवतो. टाकीच्या तळाशी नळ असेल, तर पाण्याची पातळी जितकी उंच, तितके पाणी जोराने बाहेर येते. धानाच्या कणगीचे तसे नाही. कणगी काठोकाठ भरलेली असो वा अर्धी, खालच्या भोकातून धान जवळजवळ एकाच गतीने पडते. दाण्यांचे वजन एकमेकांवरून कणगीच्या भिंतींवर जाते, ते भोकापर्यंत पोहोचतच नाही. भोक लहान असेल, तर दाण्यांची कमान बनते आणि प्रवाह थांबतो. मग आपण बाहेरून थाप मारतो. दाराशी जमलेली माणसे पाण्यासारखी नव्हे, दाण्यांसारखी वागतात. मागून रेटा वाढवल्याने प्रवाह वाढत नाही. दारात माणसांची कमान मात्र तयार होते. दाण्यांना थाप मारून चालते. माणसांच्या कमानीत जे सापडतात, त्यांचे काय होते?

आपण 'चेंगराचेंगरी' हा शब्द वापरतो, तेव्हा पायांखाली तुडवले जाण्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. पुष्कळदा मृत्यू तसा येत नाही. दर चौरस मीटरला दोन माणसे असतील, तर आपण मोकळे चालतो. चार असतील तर पावले तोकडी होतात. सहा-सातच्या वर गेली, की कोणालाही स्वतःच्या इच्छेने हलता येत नाही. गर्दी एखाद्या द्रवासारखी हेलकावे खाऊ लागते. अनेकांचा थोडा थोडा रेटा बेरीज होत होत पुढच्यांवर येतो. अशा वेळी जाड लोखंडी कठडे वाकल्याचे आढळले आहे. श्वास घेण्यासाठी छाती फुगावी लागते, तेवढीही जागा उरत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. मागच्याला यातले काही दिसत नाही, म्हणून तो रेटतच राहतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो.

इंग्लंडमधील शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी असेच घडले. मैदानात जागा शिल्लक होती, पण माणसे जाळीच्या दोन कप्प्यांत लोटली गेली. ९७ जणांचे प्राण गेले. त्यानंतर तेथे वरच्या श्रेणीच्या सामन्यांसाठी सर्व प्रेक्षक बसलेलेच असावेत असा नियम झाला. आपल्याकडे ईडन गार्डनमध्ये १६ ऑगस्ट १९८० रोजी फुटबॉलच्या सामन्यात १६ प्रेक्षक गेले. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानात २६ नोव्हेंबर १९९५ रोजी भारत-न्यूझीलंड सामन्याच्या वेळी प्रेक्षकांच्या सज्जाची भिंत कोसळली, त्यातही जीव गेले. पुढे २००८ मध्ये शहराबाहेर, वर्धा मार्गावर जामठा येथे नवे, मोकळे स्टेडियम झाले. आणि ४ जून २०२५ रोजी बंगळूरला स्टेडियमच्या आत नव्हे, तर फाटकांबाहेर ११ जण मेले. आत सुमारे ३५ हजारांची सोय आणि बाहेर त्याच्या कितीतरी पट माणसे.

विदर्भातल्या आपणा सर्वांना आणखी एक तारीख ठाऊक असली पाहिजे, २३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते आणि गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेली साधी माणसे, त्यांत बाया आणि लेकरे पुष्कळ. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. ते काही स्टेडियम नव्हते. तेथे तिकीट नव्हते, आसने नव्हती. पण एका जागी किती माणसे आहेत आणि त्यांना निघायला वाट किती रुंद आहे, हा प्रश्न तेथेही होताच. महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याची जत्रा भरते, तेथेही तो असतो. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही असतो.

करून पाहा

एक मोठे नरसाळे घ्या. त्याची नळी कापून तोंड इतके करा, की दोन हरभरे शेजारी शेजारी जाऊ शकतील. नरसाळे हरभऱ्यांनी भरून तोंडावरचे बोट काढा. कमान किती वेळा बनते ते मोजा. मग तोंड हरभऱ्याच्या पाच-सहा पट रुंद करून तोच प्रयोग करा. तिसऱ्या खेपेस हरभरे वरून तळहाताने दाबून पाहा. प्रवाह वाढतो का, ते लिहून ठेवा.

दुसरे काम शाळेचे. शिक्षकांच्या परवानगीने वर्गाच्या दाराची आणि मुख्य फाटकाची मोकळी रुंदी मीटरपट्टीने मोजा. रुंदी दाराची नव्हे, माणसाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वाटेची मोजावी. एकच झडप उघडत असेल तर तेवढीच धरावी. नेहमीप्रमाणे शाळा सुटताना, कोणालाही घाई करायला न सांगता, एका मिनिटात फाटकातून किती मुले जातात ते घड्याळ लावून मोजा. तीन दिवस मोजून सरासरी काढा आणि रुंदीने भागा. उत्तर ८२ च्या किती जवळ येते?

मग शाळेची पटसंख्या घ्या आणि सभागृहाच्या किंवा संमेलनाच्या मंडपाच्या वाटांची एकूण रुंदी घ्या. सर्वांना बाहेर पडायला किती मिनिटे लागतील ते काढा. त्यांतील सर्वांत मोठी वाट बंद आहे असे समजून हिशोब पुन्हा करा. दोन्ही उत्तरे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून मुख्याध्यापकांना द्या, आणि कोणत्या दाराची किल्ली कोणाकडे असते, तेही त्यांना विचारून त्याच कागदावर लिहा.